सव्वा एकर उतार, पाच ताली आणि भावजींचे सात टक्के

पत्र थोडक्यात: भुदरगड तालुक्यातल्या एका शेतकरी बाईंचं पत्र आहे. वय ४६. यजमान कोल्हापूरला कारखान्यात कामाला, सुट्टीला तेवढे घरी येतात. शेती बाईच बघतात. ओढ्याकाठी वीस गुंठे ऊस आणि वर डोंगरउताराला पन्नास गुंठे. वरच्या रानात दगडी पाच ताली आहेत, म्हणजे उतारावरची माती अडवायला रचलेल्या आडव्या भिंती. पट्ट्यांवर भुईमूग, कडेनं नाचणा. दोन ताली २०१९ च्या पावसात ढासळल्या, तिसरी २०२१ पासून पोट काढून उभी आहे. ठेकेदारानं पाचही ताली काँक्रीटमध्ये बांधायचे १ लाख ६० हजार सांगितले. धाकटे दीर बँकेत आहेत. ते म्हणतात, “एवढ्याची ठेव ठेवली तर सात टक्क्यांनी वर्षाला अकरा हजार दोनशे बसल्या जागी येतात. ताली बांधून काय येतं ते आकड्यात दाखवा, अर्धे मी घालतो.” शिवाय एक मुरूमवाला वरची पट्टी ‘सपाट करून’ मुरूम न्यायला आणि वर पैसे द्यायला तयार आहे. जमीन अजून सासऱ्यांच्या नावावर. बाई लिहितात, “पूर्वी सहा क्विंटल शेंग निघायची, आता चारवर आली. माती वाचवल्याची किंमत रुपयांत कशी काढतात? मला एक आकडा द्या, भावजींच्या पुढे ठेवते.”

ताई,

तुम्ही एक आकडा मागितलात, मी तीन देते. तिन्ही बरोबर आहेत, आणि एकही भावजींच्या पुढे ठेवण्याजोगा नाही.

तुमच्या पन्नास गुंठ्यांवरून एक मिलिमीटर माती गेली म्हणजे साधारण साडेसहा टन माती गेली. दोन ट्रॉल्या भरून. थर रुपयाच्या नाण्याहून पातळ, त्यामुळे गेलेला दिसतही नाही. या दोन ट्रॉल्यांची किंमत काढायची पहिली रीत अशी की तिच्याबरोबर गेलेलं खत परत विकत घ्यायला किती पडतील ते बघायचं. सेंद्रिय कर्ब पाऊण टक्क्याच्या आसपास असेल तर एवढ्या मातीत नत्र पाचएक किलो असतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणजे नत्र किलोला तेरा रुपये पडलं. झाले सत्तर रुपये. दोन ट्रॉल्या चांगल्या मातीचे सत्तर रुपये! भावजींना हा आकडा दिलात तर ते चहासुद्धा न घेता उठतील. युरियाचा भाव सरकारनं अनुदान घालून खाली धरलेला आहे, त्यामुळे या हिशेबात मातीपेक्षा अनुदानच जास्त दिसतं.

दुसरी रीत सरकारच्याच वहीतली. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ ला सुरू झाली. २०२३ पासून तलावातला गाळ शेतात नेऊन पसरायला अल्पभूधारकाला घनमीटरमागे ३५ रुपये ७५ पैसे अनुदान ठरलं. तुमचा एक मिलिमीटर म्हणजे पाच घनमीटर. त्या दरानं १८० रुपये.

तिसरी रीत आपल्या जुन्या माणसांची. गेलेला सेंद्रिय कर्ब परत बसवायचा तर दोनेक टन कुजलेलं शेणखत लागेल, कारण घातलेल्या कर्बातला थोडाच भाग मातीत टिकतो, बाकीचा हवेत जातो. तुमच्या गावात शेणखताच्या ट्रॉलीचा जो भाव असेल तो घाला. सत्तर रुपये नक्कीच होणार नाहीत; आकडा हजारांत जाईल.

एकाच मातीचे सत्तर, एकशेऐंशी आणि काही हजार. मोठमोठ्या अभ्यासकांचंही असंच होतं. अमेरिकेत १९९५ साली डेव्हिड पिमेंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी धुपीमुळे देशाचं वर्षाला ४४ अब्ज डॉलरचं नुकसान होतं असा हिशेब मांडला. पियर क्रॉसन या अर्थतज्ज्ञांनी लगेच त्यावर हरकत घेतली: शेताचं प्रत्यक्ष घटणारं उत्पन्न बघितलं तर नुकसान त्याहून कितीतरी कमी आहे. देश एक, धूप एक. एकानं काय गेलं ते मोजलं, दुसऱ्यानं त्यामुळे काय कमी पिकलं ते. तुमच्या घरातला प्रश्न दुसऱ्या प्रकारचा आहे, म्हणून टनाचा भाव बाजूला ठेवू.

आता तुमच्या पत्रातलं जे गृहीत मला खटकलं ते सांगते. “पूर्वी सहा, आता चार” ही तुलना तुम्ही तालीच्या बाजूनं पुरावा म्हणून दिली आहे. ती दोन कारणांनी लंगडी आहे. एक, दोन क्विंटलची सगळी घट मातीच्या खात्यावर घालता येत नाही. बियाणं तेच जुनं आहे का, टिक्का (पानांवर ठिपके पाडणारा रोग) किती पडला, पाऊस कसा होता, हे सगळं त्यात आहे. आणि तुमच्या भागात गवे आहेत. गव्यांनी खाल्लेला भुईमूग मातीच्या नावावर टाकू नका, भावजी गावातच वाढलेत, त्यांना ठाऊक आहे. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. ताल बांधली म्हणून गेलेली माती परत येत नाही. पुढच्या खरिपात शेंग चारची सहा होणार नाही. तेव्हा काल आणि आज यांची तुलना सोडा. ताल बांधली तर पुढची दहा वर्षं कशी जातील आणि नाही बांधली तर कशी, या दोन पुढच्या काळांची तुलना करा. हिशेबात धरायचा तो त्यांच्यातला फरक.

करून बघू. दोन क्विंटलमधला एकच क्विंटल धुपीनं गेला असं धरा. सहाएक वर्षांत एक क्विंटल, म्हणजे वर्षाला सोळा किलो. भुईमुगाचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ७,२६३ रुपये आहे; त्या दरानं सोळा किलोचे १,१६० रुपये. ताल पडकी ठेवली तर पहिल्या वर्षी १,१६० बुडाले, दुसऱ्या वर्षी त्याच्या दुप्पट, दहाव्या वर्षी ११,६०० रुपये. दहा वर्षांची बेरीज ६३ हजार ८०० होते. काढणी-तोडणीची मजुरी यातून वजा करायला हवी आणि म्हशीला जाणारा पाला मिळवायला हवा. ती फिटंफाट समजा.

भावजी म्हणतील, यात व्याज कुठं आहे? त्यांचा मुद्दा रास्त आहे, पण अर्धाच. ठेवीचे सात टक्के त्यांनी पुढच्या सगळ्या वर्षांना लावले, आणि शेंगेचा भाव मात्र आजचाच धरला. भुईमुगाचा हमीभाव २०१४-१५ ला ४,००० रुपये होता. तिथून ७,२६३ म्हणजे वर्षाला साधारण साडेपाच टक्के वाढ. सातातून साडेपाच गेले की दीड टक्का उरतो. म्हणून व्याज आणि भाववाढ मी एकमेकांत जिरवली आहेत. हा काटेकोर हिशेब नाही, बँकेत खपणारही नाही, पण नुसते सात टक्के लावण्यापेक्षा खऱ्याच्या जवळचा आहे. नुसते सात लावले तर काय होतं तेही त्यांना विचारा: तीस वर्षांनी मिळणाऱ्या हजार रुपयांची आजची किंमत १३१ रुपये येते. या चष्म्यातून बघितलं तर नातवंडांच्या वेळची कुठलीच जमीन राखण्याजोगी ठरणार नाही, त्यांच्या स्वतःच्या वाट्याचीसुद्धा.

एवढं त्यांच्या विरोधात. आता त्यांच्या बाजूनं. याच हिशेबानं १ लाख ६० हजार भरून यायला सोळा वर्षं लागतात. तेव्हा तुम्ही बासष्टच्या असाल. त्या वेळी वरच्या रानात कोण उभं असेल याचं उत्तर तुमच्या पत्रात नाही. मुलांचा उल्लेखच नाही. म्हणून ठेकेदाराचा आकडा जसाच्या तसा मान्य करू नका असं मी म्हणेन, आणि इथं भावजी बरोबर आहेत.

पण एवढे पैसे लागतात का? पाचांतल्या दोन ताली शाबूत आहेत, त्यांना हात कशाला लावायचा? उरलेल्या तिन्हींचा दगड तिथंच पडलाय. आणि काँक्रीट कशाला? कोरडी रचलेली दगडी ताल फटींतून पाणी सोडते, माती धरते. काँक्रीटच्या भिंतीला पाणी जायला पुरेशी भोकं ठेवली नाहीत तर मागची माती चिंब होऊन भिंतीला पुढे ढकलते. तुमच्याकडच्या पावसात हे व्हायला चार-पाच वर्षंही लागत नाहीत. गावात ताल रचणारा जुना गडी अजून असेल तर त्याच्याकडून तिन्ही तालींचा वेगवेगळा अंदाज घ्या. पायाला मोठा दगड, भिंत किंचित आत कललेली, आणि मुख्य म्हणजे पाणी उतरायला एका अंगाला पक्का सांडवा. ताली बहुतेक वेळा पाण्यानं एका जागी वाट केली म्हणून फुटतात. तिन्हींचं मिळून साठ हजारांच्या आत बसलं तर दहा वर्षांत पैसे फिटतात आणि पुढचं सगळं वरकड. सत्तरच्या वर गेलं तर या उन्हाळ्यात दोनच करा, सगळ्यात वरची आधी. वरून येणारं पाणी थोपलं नाही तर खालची टिकत नाही. तालीच्या खांद्यावर वाळ्याची ओळ लावा. रोप फुकटात मिळतं, मुळं खोल जातात आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत.

मी वर्षाला सोळा किलो असं सरळ रेषेत धरलं, तेही तपासायला हवं. माती सरळ रेषेत दगा देत नाही. दोन फूट माती असताना चार बोटं गेली तर शेंगेला कळतही नाही, खताचं एक पोतं जास्त टाकून भागतं. फूटभर उरलेली असताना तीच चार बोटं गेली तर हंगाम जातो. कारण अडचण खताची नसते, पाण्याची असते. दहा सेंटिमीटर माती तुमच्या पन्नास गुंठ्यांत पिकाला लागू पडेल असं साठेक हजार लिटर पाणी धरून ठेवते. शेंग भरायच्या वेळी पंधरा दिवस पाऊस उघडला की हे साठ हजार लिटर कोण आणून देणार? टँकरनं आणायचं म्हटलं तर एका उघडीपीचा खर्च काढून बघा. ठेवीवर व्याज मिळतं, पण गणपतीनंतरच्या उघडिपीत ते पैसे मुळांपर्यंत पोचत नाहीत.

त्यामुळे सगळ्यात उपयोगाचं मोजमाप म्हणजे मुरमापर्यंतची खोली. पट्टीच्या बरोबर मध्यावर खड्डा घ्या. तालीलगत माती नेहमीच जास्त आणि डोंगराच्या अंगाला पातळ असते, तिथं मोजलंत तर फसाल. कुदळ मातीत जाताना दबका आवाज येतो, मुरूम लागला की ठणका बसतो आणि दांड्यातून हाताला झिणझिण्या येतात. तिथवर टेप लावा. शाबूत तालीच्या पट्टीत एक खड्डा, पडक्या तालीच्या पट्टीत एक. दोन्हींत आठ-दहा सेंटिमीटरचा फरक निघाला आणि पडकीत एकूण खोली फुटाच्या आत असेल, तर माझा सोळा किलोचा अंदाज कमी आहे असं समजा आणि साठाऐवजी ऐंशी हजार घालायलाही हरकत नाही. दोन्हीकडे अडीच फूट निघाली तर घाई नाही. वाळा लावा, दगड हातानं रचा, पैसे ठेवीत राहू द्या. असं मी मनापासून म्हणते आहे. प्रत्येक ताल वाचवलीच पाहिजे असं काही नाही.

दगड हातानं रचा म्हटलं खरं, पण ते आजवर कोण रचत आलंय? पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की दरवर्षी सुगी आटोपली की तुम्ही आणि शेजारच्या काकी आठवडाभर दगड परत वर चढवता. हे ना भावजींच्या हिशेबात आहे ना तुमच्या. तुमच्या गावात बाईची रोजगारी जी चालते त्या दरानं हे दिवस लिहा. तालींना आजवर खर्च आलेला नाही असं जे घरात म्हटलं जातं, ते तुमच्या पाठीच्या कण्यावर चाललंय. कोरडी ताल नीट रचून घेतली तर हे दिवस वाचतात, आणि ती बचत वरच्या ६३ हजारांत धरलेली नाही.

खालच्यांचं काय, असंही तुम्ही विचारलंय. तुमची माती वाहून जाते ती ओढ्यातून वेदगंगेला. १९८३ मध्ये देशपातळीवर एक अंदाज केला गेला होता: भारतात वर्षाला ५३३ कोटी टन माती जागची हलते, त्यातली २९ टक्के समुद्रात जाते, १० टक्के धरणांत साठते आणि ६१ टक्के इथली तिथं होते. या ६१ टक्क्यांत खालच्या कुणाचं तरी भलंही होतं. शिरोळकडची मळी, म्हणजे नदीकाठची गाळाची जमीन, वरच्यांच्या मातीवरच पोसली आहे. पण गाळाचा खर्चही खालचेच भरतात. आपल्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचंच बघा. पावसाळ्यात बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढून ठेवायचे, गढूळ पूर मोकळा जाऊ द्यायचा, आणि पाणी निवळलं की बर्गे बसवायचे. ही दरवर्षीची सगळी उस्तवार पूर आणि गाळ या दोघांना वाट देण्यासाठीच आहे. तुमच्या ताली त्या खर्चातला कणभर वाचवतात. ती किंमत खरी आहे, पण ती भावजींच्या खिशातून मागू नका. त्यांना ती मिळत नाही.

ती सरकारकडे मागायची, आणि तेही काही उपकार म्हणून नव्हे. मुंबई इलाख्यात १९४२ सालीच जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला. खाजगी रानात बांधबंदिस्ती करणं हा सार्वजनिक कामाचा भाग आहे हे तेव्हाच मान्य झालं. ७२ च्या दुष्काळात राज्यभर लोकांनी हजारो बांध घातले ते याच समजुतीवर. आजही बांधबंदिस्ती रोजगार हमीच्या कामांत बसते, अल्पभूधारकाच्या स्वतःच्या रानात बसते. पण नाव ग्रामसभेतून गावाच्या आराखड्यात जावं लागतं. कृषी सहायकांना घेऊन एकदा रान दाखवा, पडक्या तालींचे फोटो काढून ठेवा आणि ग्रामसभेला अर्ज लेखी द्या, पोच घ्या. मंजुरी यायला दोन पावसाळे गेले तर नवल नाही, म्हणून सगळ्यात वरची ताल त्यावर अवलंबून ठेवू नका.

मुरूमवाल्याचं एका वाक्यात उरकते: नको. मुरूम गौण खनिजात येतो, तहसीलदारांची परवानगी आणि स्वामित्वधन लागतं, ते न भरता उचल झाली तर दंडाची नोटीस सातबाऱ्यावरच्या नावाला येते, म्हणजे तुमच्या सासऱ्यांना. शिवाय वरची पट्टी कापली की डोंगराचा पायथा उघडा पडतो.

आता ज्या गोष्टीवर मी पत्र वाचताना सगळ्यात जास्त थांबले ती. जमीन सासऱ्यांच्या नावावर आहे. उद्या वाटणी झाली आणि वरचं रान भावजींकडे गेलं, तर तुमचे पैसे आणि तुमचे आठवडे त्यांच्या तालीत गेले. उलटं झालं तर त्यांचे तीस हजार तुमच्या. मला वाटतं भावजी सात टक्क्यांच्या आडून हेच विचारत आहेत, फक्त घरात हे बोलायची सोय नसते म्हणून व्याजाची भाषा येते. तेव्हा आकड्यांच्या आधी हा कागद करा: कुणी किती घातले, मजुरीचे किती धरले, आणि वाटणीच्या वेळी ज्याच्याकडे रान जाईल त्यानं दुसऱ्याला वर्षामागे किती कमी करून परत द्यायचे. सासरे धडधाकट आहेत तोवर त्यांच्या सहीनं, दोन साक्षीदारांसह. हा कागद झाला तर माझा अंदाज आहे की भावजी आकड्यांवर फारसे अडणार नाहीत.

अशीच पत्रं आजरा, चंदगड, पन्हाळ्याकडूनही येतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. रान मंद उताराचं असेल तर ताल बांधायच्या आधी नांगरट आडवी करा. मंद उतारावर नुसत्या आडव्या मशागतीनं धूप निम्म्यावर येऊ शकते. तीव्र उतारावर मात्र ती पुरत नाही, तिथं उताराची लांबीच तोडावी लागते, म्हणजे ताल किंवा चर. आणि कुठलंही रान जूनच्या पहिल्या वळवाला भुसभुशीत, उघडं सापडू देऊ नका. माती तेव्हाच सगळ्यात जास्त जाते. शिरोळ, हातकणंगल्याच्या सपाट काळ्या रानवाल्यांनी हा हिशेब वापरू नये. त्यांचं दुखणं बहुतेक जादा पाण्याचं आणि क्षाराचं असतं, त्यावर वेगळं लिहीन.

राहिलं भावजींच्या पुढे काय ठेवायचं ते. दोन खड्ड्यांची खोली, तीन तालींचा वेगवेगळा अंदाज, तुमच्या मजुरीचे दिवस आणि तो कागद. शिवाय मेच्या अखेरीला प्रत्येक पट्टीत दोन-दोन लोखंडी सळ्या हातभर खोल ठोका आणि मातीच्या बरोबरीनं ऑइलपेंटची खूण करा. नवरात्रात खुणेखाली किती उघडं पडलं ते मोजा. एक मिलिमीटरला साडेसहा टन. सळ्या ठोकायला आणि मोजायला भावजींनाच बोलवा. बँकेतल्या माणसाचा स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आकड्यावर जितका विश्वास बसतो, तितका माझ्या आकड्यावर बसणार नाही.